बेडकाची साक्ष

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर या गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. शेतकरी संघटनेने आधी जाहीर करून, ठिकठिकाणचे शेतकरी बोलावून, तिथल्या एका शेतात सरकारची मान्यता नसलेले कपाशीचे बियाणे पेरले. अनिल घनवट तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते. कायदा मोडला तर काय होईल हे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या तेव्हाच्या तरतुदीनुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. तरीही लोक आले आणि बी जमिनीत गेले. पुढे काही शेतकऱ्यांवर गुन्हेही नोंदवले गेले.

त्या बियाण्याला आपल्याकडे एचटीबीटी म्हणतात. बीटी हा बोंडअळीचा बंदोबस्त करणारा गुण. त्याला २००२ मध्येच सरकारची परवानगी मिळाली. एचटी म्हणजे तणनाशक सोसण्याची ताकद. अशा शेतात ग्लायफोसेट नावाचे तणनाशक फवारले की केना, कुंदा, हरळी सगळे आठवडा-दोन आठवड्यांत पिवळे पडते आणि कपाशी मात्र हिरवीगार उभी राहते. या बियाण्याच्या परवानगीसाठी कंपनीने केलेला अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला, पण बियाणे काही मागे गेले नाही. ते चोरवाटेने गावोगाव पोहोचले होते. अकोलीच्या शेतकऱ्यांनी जे लपूनछपून चालले होते ते उघड्यावर आणले, इतकेच.

त्या आंदोलनावर पुष्कळ लिहिले गेले. शेतकऱ्याचे तंत्रज्ञान-स्वातंत्र्य, बियाण्याची शुद्धता, कंपन्यांचा नफा, सरकारची ढिलाई, सगळ्यांवर लिहिले गेले. त्या चर्चेत बेडकाचे नाव कुठे आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. पण मला त्याच्याविषयीच बोलायचे आहे, आणि त्यासाठी आधी निंदणाविषयी बोलावे लागेल.

आमच्या घरी शेत नव्हते. अब्बा जिनिंगमध्ये कामाला. अम्मी पावसाळ्यात मोहल्ल्यातल्या बायांबरोबर निंदायला जायची. ज्यांनी निंदण पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या चिखलात उकिडवे बसायचे, डाव्या हाताने तण धरायचे, उजव्या हातातल्या खुरप्याने मुळाशी कापायचे, आणि उकिडव्यानेच पुढे सरकायचे. सकाळी सुरू केलेली ओळ दुपारी संपते. डोक्यावर पोत्याची खोळ, अंगावर रिमझिम. ताठ उभे राहण्याची सवड फक्त पाणी प्यायला. संध्याकाळी अम्मी घरी आली की कमरेवर हात ठेवून थोडा वेळ दारातच उभी राहायची, मग आत यायची. ओट्यात मात्र तरोटा, चिवळ, केना असे काही ना काही असायचेच. शेतमालकाचे जे तण ती आमच्या ताटातली भाजी.

कपाशीच्या एका हंगामात डवऱ्याचे फेर वेगळे आणि निंदण वेगळे. डवरा बैलांच्या मागून दोन ओळींच्या मधले तण काढतो. रोपाच्या बुडाशी असलेले तण बाईच काढते. वऱ्हाडातली कापसाची सगळी कीर्ती, इंग्रजांच्या काळातल्या गाठी, आगगाड्या, जिन, प्रेस, या बायांच्या गुडघ्यांवर उभी होती. त्यांचे नाव कुठल्या अहवालात शोधू नये.

त्यामुळे आज एखादा शेतकरी मला म्हणतो, "कवीसाहेब, निंदाले बाया भेटत नाईत, आन् भेटल्या त मजुरी परवडत नाई," तेव्हा मी त्याला निसर्गाचे प्रवचन देत नाही. त्याचे खरे आहे. ज्या बायांनी ते काम सोडले, त्यांचेही खरे आहे. आमची अम्मी आज असती तर तणनाशकाच्या डब्याला तिने दुवा दिली असती.

पूर्वी तणनाशक आपल्याकडे फार चालण्यासारखेच नव्हते. एकाच वावरात कपाशी, तूर, ज्वारी, मूग, उडीद, बरबटी अशी सरमिसळ असायची. एकाला मारणारे औषध दुसऱ्यालाही मारणार. सोयाबीनने १९९० नंतर वऱ्हाडात पाय पसरले आणि सलग एकाच पिकाची वावरे दिसू लागली, तेव्हा तणनाशकाचा रस्ता मोकळा झाला. माझ्या पाहण्यात पाठीवर पंप घेतलेला माणूस आधी किडीसाठी फवारायचा. मग तो गवतासाठीही फवारू लागला.

आधुनिक तणनाशकाचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. इंग्लंड आणि अमेरिकेत गुप्तपणे चाललेल्या संशोधनातून टू-फोर-डी हे रसायन पुढे आले आणि युद्ध संपताच बाजारात गेले. ते काम कसे करते हे पाहण्यासारखे आहे. वनस्पतींच्या अंगात वाढीचे संप्रेरक असते. टू-फोर-डी त्याची नक्कल करते. रुंद पानाच्या तणाला वाटते, वाढण्याचा हुकूम आला. ते वेडेवाकडे, पीळ पडून, बेसुमार वाढते आणि त्या वाढीनेच मरते. म्हणजे या घराण्यातला पहिला मोठा वारसदारच संप्रेरकाचे सोंग घेऊन आला होता. पुढे व्हिएतनामच्या जंगलांवर अमेरिकेने जे 'एजंट ऑरेंज' ओतले, त्यातला अर्धा वाटा याच टू-फोर-डीचा होता.

त्यानंतरची तणनाशके निराळ्या वाटांनी गेली. अॅट्राझिन वनस्पतीला उन्हापासून अन्न तयार करू देत नाही. १९७४ मध्ये 'राऊंडअप' या नावाने बाजारात आलेले ग्लायफोसेट वनस्पतीतला एक विकर बंद पाडते, आणि तो विकर माणसात, गुराढोरांत, बेडकात नसतोच. विक्रेता काउंटरवर हात ठेवून सांगतो, "हे फक्त गवतासाठी आहे, माणसाले काई होत नाई," त्यामागे एवढे शास्त्र आहे. त्याला खोटारडा म्हणता येत नाही.

आता डब्यावरचा त्रिकोण पाहा. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांच्या आधारे प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. तणनाशकांच्या डब्यांवर पॅराक्वाटसारखे अपवाद सोडले तर बहुधा निळा किंवा हिरवा असतो. शेतकऱ्याला तो रंग बरोबर कळतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ती कीटकनाशके होती. तेव्हापासून आपल्याकडे लाल-पिवळ्या त्रिकोणाची धास्ती आहे, आणि ती असायलाच हवी.

पण हा रंग ठरतो कसा? प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना औषध देतात. त्यातले निम्मे मरायला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे किती मिलिग्रॅम लागले, ते मोजतात. थोड्यात मेले तर लाल, पुष्कळ द्यावे लागले तर हिरवा. म्हणजे त्रिकोणाचा रंग फक्त मरणाचा हिशेब सांगतो. जो जीव मेला नाही, पण वाढायचे तसा वाढला नाही, किंवा नर म्हणून जन्मून नर राहिला नाही, त्याच्यासाठी त्या त्रिकोणात रंग नाही.

इथे बेडूक येतो.

आमच्या घरात बेडूक मारायला मनाई होती. नानी सांगायची, हजरत इब्राहिम यांना आगीत टाकले तेव्हा बेडूक तोंडात पाणी धरून ती आग विझवायला धावला. पाऊस लांबला की शेजारच्या गल्लीतली पोरे धोंडी मागत फिरायची. मुसळाला बांधलेला बेडूक, अंगाभोवती कडुनिंबाचा पाला, आणि दारोदार डोक्यावर ओतलेला पाण्याचा तांब्या. त्या घोळक्यात आम्हीही असायचो आणि नानीला ते माहीत असायचे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खे सूक्त आहे, हे मला पुढे बीएला कळले. पावसाचा आणि बेडकाचा संबंध आपण सगळ्यांनीच जोडून ठेवला आहे. शास्त्राने जोडला तो दुसराच, पाण्याचा आणि त्याच्या अंगाचा.

बेडकाची कातडी ओली आणि पातळ असते. तो तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. कातडीतूनच थोडाफार श्वासही घेतो. त्याच्या अंड्याला कवच नसते, नुसता लिबलिबीत गोळा. पाण्यात जे असेल ते त्याच्या आत जाते. आणि त्याचे अख्खे आयुष्य संप्रेरकांच्या इशाऱ्यावर चालते. १९१२ मध्ये गुडरनॅच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या भैकेरांना, घोड्याच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. पिल्ले वेळेआधीच पाय फुटून, शेपूट गळून, माशीएवढे बेडूक झाली. पुढे दुसऱ्यांनी पिल्लांची थायरॉइडच काढून टाकली, तर ती कधी बेडूक झालीच नाहीत. नुसती मोठी होत गेली. घोड्याचे संप्रेरक बेडकाला कळले, ही त्यातली खरी बातमी होती.

आणि माणसाचे? तेही कळते. लॅन्सलॉट हॉगबेन हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ दक्षिण आफ्रिकेत होते. तिथल्या नख्यांच्या बेडकावर त्यांनी केलेल्या कामातून १९३० च्या दशकात एक चाचणी निघाली. बाईची लघवी बेडकीला टोचायची. बाई गरोदर असेल तर बेडकी काही तासांत अंडी घालते. पुढे तीसेक वर्षे जगभरच्या दवाखान्यांत काचेच्या टाक्यांतून या बेडक्या पाळल्या जात. किती घरांतली आनंदाची बातमी पहिल्यांदा एका बेडकीला कळली असेल! रासायनिक चाचण्या आल्या आणि बेडक्यांची ती नोकरी गेली. पण एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. बाईच्या पोटातला संदेश बेडकीचे शरीर वाचू शकते. दोघींची लिपी एक आहे.

नेमक्या याच जातीच्या बेडकावर अमेरिकेत पुढचा प्रसंग घडला.

स्वित्झर्लंडच्या बेसेल शहरात गायगी नावाची कंपनी होती. डीडीटीने किडे मरतात हे १९३९ मध्ये याच कंपनीतल्या पॉल म्युलर यांनी शोधले आणि त्याबद्दल १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अॅट्राझिनही याच कंपनीचे. ते १९५८ मध्ये आले आणि अमेरिकेच्या मक्यात घरातल्यासारखे बसले. कंपनीची नावे बदलत गेली आणि २००० मध्ये ती सिंजेंटा झाली. तिच्या पूर्वसुरी कंपनीसाठी चाललेल्या अभ्यासात १९९७ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले तरुण प्राध्यापक टायरोन हेज यांना घेतले गेले. काम साधे होते, अॅट्राझिनचा बेडकावर काही परिणाम होतो का ते पाहणे. हेज हे दक्षिण कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय कुटुंबातले. लहानपणापासून दलदलीत बेडकांमागे फिरलेले. परिणाम दिसू लागले, तसे त्यांचे आणि कंपनीचे जमेना. २००० च्या शेवटी ते बाहेर पडले आणि स्वतःच्या बळावर प्रयोग पुन्हा केले.

एप्रिल २००२ मध्ये त्यांचा निबंध आला. पाण्याच्या एक अब्ज भागांत अॅट्राझिनचा शून्य दशांश एक भाग असला तरी काही नर बेडकांच्या अंगात नर आणि मादी अशी दोन्ही इंद्रिये दिसली. हा आकडा कानावरून जातो, म्हणून आपल्या हिशेबात सांगतो. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर ओळीने उभे करा. त्या सगळ्या पाण्यात मिळून फक्त एक ग्रॅम अॅट्राझिन. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना ही ओळ डोळ्यांपुढे आणायला जड जाऊ नये. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात याच्या तीसपट अॅट्राझिन चालते, असा तिथला नियम आहे.

त्याच निबंधातली दुसरी एक गोष्ट माझ्या जास्त जिव्हारी लागली. अब्जात एक भाग अॅट्राझिन असलेल्या पाण्यात वाढलेल्या नरांचे स्वरयंत्र लहान राहिले. पावसाळ्याच्या रात्री आपण जे डराव डराव ऐकतो ते नराचे बोलावणे असते. त्याच्याकडे रंगीत पिसे नाहीत, शिंगे नाहीत, आहे तो आवाज. त्याचा आवाजच लहान झाला तर तो काय घेऊन उभा राहणार?

हेज यांनी कारण सांगितले ते असे. शरीरात पुरुष-संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करणारा एक विकर असतो, अरोमाटेज नावाचा. अॅट्राझिनमुळे तो गरज नसताना कामाला लागतो. त्याच वर्षी त्यांनी युटापासून आयोवापर्यंतच्या रानातले ठिपकेवाले बेडूक तपासले आणि जिथल्या पाण्यात अॅट्राझिन होते तिथल्या नरांच्या वृषणांत अंडी आढळल्याचे सांगितले. २०१० मध्ये तर त्यांनी जन्माने निखळ नर असलेले चाळीस बेडूक अॅट्राझिनच्या पाण्यात वाढवले. सुमारे तीन चतुर्थांश नपुंसकासारखे झाले. दहा टक्के मात्र पूर्ण माद्या झाल्या. त्यांनी दुसऱ्या नरांशी संग केला, अंडी घातली, त्यांतून पिल्ले निघाली. ती पिल्ले सगळी नर होती, कारण आई आणि बाप दोघेही जन्माने नर.

हे सगळ्यांना पटले, असे समजू नका. कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत असे परिणाम दिसले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७ मध्ये सांगितले की बेडकाच्या जननेंद्रियांच्या वाढीवर अॅट्राझिनचा वाईट परिणाम होत नाही. उलट २०१० मध्ये जेसन रोर आणि मॅककॉय या दोघांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मासे आणि बेडूक यांची वाढ, रूपांतराची वेळ आणि जननेंद्रिये यांवर परिणाम पुन्हा पुन्हा दिसतो, असे त्यांना आढळले. भांडण चिघळले. पाणीपुरवठा संस्थांनी लावलेल्या खटल्यात २०१२ मध्ये कंपनीने साडेदहा कोटी डॉलर देऊन समझोता केला, चूक मात्र कबूल केली नाही. त्या खटल्यातून जी कागदपत्रे बाहेर आली त्यांत हेज यांची पत कमी कशी करता येईल याचे बेत लिहिलेले होते. हेजही काही कमी नव्हते. ते कंपनीच्या लोकांना यमके जुळवून, शिव्यांची फोडणी देऊन ई-मेल पाठवत. शास्त्रज्ञाने ते करावे का, हा प्रश्न वेगळा. आम्हा कवींच्या जातीत एक माणूस वाढला, एवढे मी म्हणेन.

युरोपीय संघाने हा वाद संपण्याची वाट पाहिली नाही. २००४ मध्ये त्याने अॅट्राझिन काढून टाकले, आणि तेही बेडकासाठी नाही. भूजलात कुठल्याही एका कीडनाशकाची मर्यादा त्यांनी अब्जात शून्य दशांश एक भाग अशी ठेवली होती, आणि अॅट्राझिन ती ओलांडत होते. हेज यांच्या टाकीतला आणि युरोपच्या विहिरीतला आकडा एकच निघावा, याला योगायोग म्हणायचे.

आपल्या वऱ्हाडात अॅट्राझिन मक्यापुरते. कपाशीत आणि बांधावर चालते ते ग्लायफोसेट, म्हणून अकोलीकडे परतताना त्याचा हिशेब पाहायला हवा. मघाशी म्हटले तसे, ते ज्या विकरावर घाव घालते तो बेडकात नाही. पण डब्यात नुसते ग्लायफोसेट नसते. तणाच्या पानावर मेणासारखा थर असतो. त्यावरून औषध ओघळू नये म्हणून त्यात साबणासारखा एक पदार्थ घातलेला असतो. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिक रेलिया यांनी २००५ मध्ये छोट्या तळ्यांसारख्या हौदांत राऊंडअप फवारून पाहिले. तीन आठवड्यांत ९८ टक्के बेडूकमासे मेले. रेलियांच्या आणि इतरांच्या कामावरून बोट त्या साबणाकडे गेले. बेडूकमाशाचे कल्ले त्याच्यापुढे टिकत नाहीत.

मेले नाहीत त्यांचे काय? कॅनडातल्या संशोधकांनी २००४ मध्ये तेच पाहिले होते. कमी प्रमाणात, पण दीर्घकाळ अशा मिश्रणात राहिलेल्या पिल्लांना बेडूक व्हायला जास्त दिवस लागले, झालेले बेडूक आकाराने लहान निघाले, शेपट्या बिघडल्या, काहींच्या जननेंद्रियांत नर-मादीची सरमिसळ दिसली, आणि थायरॉइडच्या इशाऱ्याशी जोडलेली जनुकेही ठिकाणावर नव्हती. रेलिया यांना २०१२ मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तळ्यात शत्रू असला की बेडूकमाशाची शेपटी रुंद होते, पळता यावे म्हणून. नुसत्या राऊंडअपनेही ती तशीच रुंद झाली. तळ्यात शत्रू नव्हता, पण पिल्लाच्या अंगात भीतीची घंटा वाजली होती.

सगळी विकृती औषधाच्या माथी मारणेही बरोबर नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात शाळेच्या सहलीतल्या मुलांना वाकड्या, जादा, अर्धवट पायांचे बेडूक सापडले. सगळ्यांनी शेतातल्या औषधांकडे बोट दाखवले. पुढे निघाले की अशा पायांमागे बऱ्याच ठिकाणी गोगलगायीतून येणारा एक परजीवी जंत होता. मात्र गोष्ट तिथेही संपली नाही. रोर यांनी २००८ मध्ये दाखवले की अॅट्राझिन आणि खतातले फॉस्फेट यांनी जंतांचे बळ वाढते. तळ्यात गोगलगायींचे खाद्य वाढते, आणि बेडकाची प्रतिकारशक्ती ढिली होते.

आता आपल्या वावरात या. उन्हाळाभर काळ्या मातीच्या भेगांत, ढेकळांखाली, बांधाच्या बिळांत बेडूक पडून असतो. मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की एका रात्रीत बाहेर येतो. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याजवळ दोन निळे फुगे. दोन-चार दिवसांत वावराच्या सखल कोपऱ्यात, नाल्याच्या डबक्यात, बैलगाडीच्या चाकोरीतल्या पाण्यातसुद्धा अंडी पडतात. पुढचे महिना-दीड महिना तिथे बेडूकमासे असतात.

आणि आपले वेळापत्रक काय? सोयाबीन पेरली की दोन दिवसांच्या आत पहिले तणनाशक. पंधरा-वीस दिवसांनी, तण दोन-चार पानांचे झाले की दुसरे. एचटी कपाशीत महिन्याच्या आसपास ग्लायफोसेट, आणि जमले तर पुन्हा एकदा. अंडे, बेडूकमासा, पाय फुटणे, शेपूट गळणे, आणि नर की मादी हे ठरणे, हा सगळा काळ नेमका आपल्या फवारणीच्या काळावर बसतो. ठरवून केले असते तरी इतके जुळले नसते.

काळी चिकण माती ग्लायफोसेटला घट्ट धरून ठेवते. ही आपल्या जमिनीची मेहरबानी. पण डबक्याच्या पाण्यावर थेट उडालेल्या फवाऱ्याला माती मध्ये येत नाही. आणि सातपुड्यावर जोराचा पाऊस झाला की इथले नाले पाण्याबरोबर मातीही पूर्णेकडे घेऊन जातात. त्यात आपला खारपाण पट्टा. विहिरीला खारे पाणी, म्हणून जे काही गोडे पाणी ते पावसाचे. डबक्यातले, नाल्यातले, आणि आता शेततळ्यातले. माणसाला, गुरांना आणि बेडकाला एकाच पाण्यावर दिवस काढायचे आहेत.

बेडकाने आपल्याला याआधीही एकदा हिशेब विचारला होता. पाश्चात्त्य देशांतल्या ताटांसाठी आपण बेडकांच्या तंगड्या विकत होतो. १९८१ मध्ये चार हजार टनांहून अधिक गेल्या. बेडूक कमी झाले की किडी वाढतात, मग कीडनाशकांवर पैसा जातो, असे लोक ओरडू लागले. १९८७ मध्ये सरकारने निर्यात बंद केली. तेव्हा सोपे होते. बेडूक पोत्यात भरलेला दिसत होता, वजन करता येत होते.

सध्याच्या कायद्याची गोष्ट लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात सात तणनाशके होती. अॅट्राझिन होते, टू-फोर-डी होते, आपल्याकडे सोयाबीन-कपाशीत चालणारे पेंडिमेथॅलिनही होते. २०२३ मध्ये शेवटचा आदेश निघाला तेव्हा २७ पैकी मोजक्यांवरच बंदी आली आणि त्यांत एकही तणनाशक नव्हते. अॅट्राझिन मक्यासाठी राहिले. ग्लायफोसेटविषयी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच वापरून घ्यावे. आमच्या अकोट तालुक्यात कीडनियंत्रकाला बोलावून धुऱ्यावर फवारणी करून घेणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. कुणी पाहिला असेल तर मला जरूर कळवावे.

या भाषणाची तयारी करत असताना एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो. अंगणात पाठीवरचा पंप, बाजूला डबा. डब्यासोबतची माहितीपत्रिका काढली. अनेक भाषांत, मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत छापलेली. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून आम्ही ती वाचली. उरलेले औषध आणि पंप धुतलेले पाणी तलाव, नाला, विहीर यांत जाऊ देऊ नका, असे त्यात मराठीत स्पष्ट लिहिले होते. तो म्हणाला, "मंग धुवाचं कुठी? पानी त नाल्यावरच हाये." मी म्हटले, पाणी नाल्यावरून आणा, पण धुणे वावराच्या मध्यावर, कोरड्या जागेवर करा. ढग दाटले असतील त्या दिवशी फवारू नका. आणि नाल्याच्या, डबक्याच्या कडेची दोन तासे फवाऱ्याविना सोडा, तिथे डवरा आणि खुरपे चालू द्या.

त्याने ऐकून घेतले. "दोन तासं सोडतो," म्हणाला. "पन त्या दोन तासाईचं निंदण कोन करन?"

त्याची बायको चुलीपाशी होती. तिने मान वर न करता सांगितले, "मी करीन. पन मजुरी द्या लागन."